जुळ्यातली

कालवड गाभण राहीना, तोवर सासरी माझ्याकडं कुणी निरखून बघितलं नव्हतं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझं माहेर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं. सासर नेवासे तालुक्यात, घोडेगावपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. घरात आम्ही चौघं: सासरे, सासूबाई, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई. नणंद लग्न होऊन श्रीगोंद्याला होती. गोठ्यात सहा दुभत्या संकरित गाई आणि ती एक कालवड. मामांनी ती वर्षापूर्वी बाजारातून पारखून आणली होती. काळी-पांढरी, अंगानं भरदार, मान जाड. तिच्या पाठीवर थाप मारून ते म्हणायचे, "हिचं दूध निघंल तवा बघा."

पण ती माजावरच येईना. शेजारच्यांची तिच्याच वयाची कालवड विऊन दूध द्यायला लागली. मामांनी जंताचं औषध पाजलं, मोड आलेले हरभरे चारले, खनिजाची पावडर घातली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि आत हात घालून बराच वेळ चाचपलं. मग हात बाहेर काढून विचारलं, "बाबा, ही जुळ्यातली आहे का?"

"बाजारातून आनलीय. इकनारा काय बोलला न्हाई."

"गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली असणार. हिची पिशवी घडलेलीच नाही. हाताला नुसती दोरी लागते."

मामा मटकन दगडावर बसले. "आमचा बाप सांगायचा, जुळ्यातली कालवड घेऊ नये म्हनून. पन इकनाऱ्यानं सांगाया पायजे ना!"

आत्याबाई दावणीशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पन आसं हुतं कशानं?"

डॉक्टर समजावून सांगणारे होते. हात धुता धुता ते म्हणाले, "गाईच्या पोटात दोन वासरं असली की विल्यावर पडणाऱ्या त्यांच्या वारा एकमेकींना चिकटतात. रक्ताच्या नळ्या जोडल्या जातात आणि त्यातला एक गोऱ्हा असला तर त्याचं रक्त कालवडीत जातं. गोऱ्ह्याचं अंग आधी घडायला लागतं. त्याच्या रक्तातनं जे येतं, त्यानं हिच्या पिशवीची वाढ थांबते. अशी कालवड बहुतेक वेळा वांझच निघते."

"म्हंजी गाय बी न्हाई आन बैल बी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

आत चहा करताना मला हे सगळं ऐकू येत होतं; मग मी चहा घेऊन बाहेर आले. कप ठेवले आणि आत गेले. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, चहात साखर नाही म्हणून.

मीही जुळ्यातली होते. भावाबरोबर जन्मलेली. आधी तो, मग मी. आणि हे सासरी कुणाला माहीत नव्हतं.

मी बी.एस्सी. केलंय, प्राणिशास्त्र घेऊन. कॉलेजात सरांनी जुळ्यांवर एक अख्खा तास घेतला होता. एकच बीज दुभंगलं तर दोन सारखी मुलं होतात, दोघं मुलगे नाहीतर दोघी मुली. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर ती दोन वेगळ्या बीजांची. एरवीच्या बहीण-भावांचं एकमेकांशी जेवढं नातं असतं तेवढंच त्यांचं, फक्त पोटात एका वेळी वाढलेली. तासानंतर मैत्रिणी मला विचारायला लागल्या तेव्हा मी शिक्षिकेच्या थाटात सगळ्यांना समजावलं होतं. पण त्या तासाला गाईचा विषय निघाला नव्हता. पोटात एकाचं रक्त दुसरीत जाऊ शकतं, हे मी पहिल्यांदा सासरच्या गोठ्यात ऐकलं.

लग्न ठरताना आईनं मला बजावलं होतं, "जुळं-बिळं सांगत बसू नको. भाऊ दीड वर्षानं मोठा, एवढंच बोलायचं." कागदावर ते खपतही होतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्या वेगवेगळ्या तारखा टाकल्या होत्या, त्याच पुढं चालत आल्या. मी आईला कारण विचारलं होतं. ती म्हणाली, "लोक नाही नाही ते बोलतात." मी सोडून दिलं. लग्नानंतर नवऱ्याला मात्र सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मग काय झालं?" आणि बहुतेक विसरूनही गेला होता.

डॉक्टर येऊन गेल्याला महिनाही झाला नसेल. आमचा खरा वाढदिवस आला. भाऊ पुण्याला नोकरीला. त्यानं मोबाईलच्या स्टेटसला एक जुना फोटो टाकला. एका गोधडीवर दोन बाळं, एक रडतंय, एक झोपलंय. खाली लिहिलं होतं, "एकाच दिवशी आलो, अजून भांडतोय."

लग्नाच्या गडबडीत त्याचा नंबर माझ्या नणंदेनं घेतला होता, हे मी विसरले होते.

त्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. मी भाकरी थापत होते. त्या शेंगा फोडत म्हणाल्या, "तुझा भाऊ किती वर्सानं मोठा गं?"

"दीड."

"बरं," त्या म्हणाल्या आणि शेंगांचं सूप उचलून निघून गेल्या.

त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी विचारलं होतं, आणि मी तोंडावर खोटं बोलले होते. हे मला अर्ध्या तासानं भावाचा स्टेटस बघून त्याला विचारल्यावर कळलं. त्याच्याकडच्या, स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीत नणंदेचं नाव होतं. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही.

त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही, पण मला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायला लागलं. आत्याबाई माझी पाळीची तारीख लक्षात ठेवायला लागल्या. सहज बोलल्यासारखं विचारायच्या, "लहानपनी तू पोरांतच खेळायची का गं?" किंवा, "तुझा आवाज पयल्यापसून आसाच हाय का?" एकदा मी पेंडीचं पोतं उचलून गोठ्यात नेलं, तर म्हणाल्या, "लई ताकद हाय तुझ्यात." एरवी हे कौतुक वाटलं असतं. मी पोतं खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून जड काही उचललं नाही.

नणंदेशी फोनवर बोलताना मी आत आले की त्यांचा आवाज खाली जायचा. कधी कधी तो गेलाही नसेल. पण मला तसं वाटायचं.

मीच माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करायला लागले होते. ओठावरची लव मी पार्लरमध्ये जाऊन काढून घ्यायचे, सगळ्याच काढतात. आता आरशात ती वेगळी दिसायला लागली. वर्गातल्या मुलींपेक्षा मला पाळी उशिरा आली होती, ते आठवलं. चिंचेच्या झाडावर मी भावापेक्षा वर चढायचे, तेही आठवलं. कालवडीला वैरण टाकताना मी तिच्या मानेकडं बघायचे आणि नंतर नकळत माझ्या मानेवरून हात फिरवायचे. शिकलेलं सगळं डोक्यात जागच्या जागी होतं, पण कामाला येत नव्हतं.

एक दिवस नवऱ्याचा मोबाईल हवामान बघायला घेतला, तर शोधायच्या चौकोनात आधीची ओळ तशीच होती: "भावासोबत जन्मलेल्या जुळ्या मुलीला मूल होते का." मी मोबाईल होता तसा ठेवला. त्याला काही विचारलं नाही. हीच ओळ मीही माझ्या मोबाईलवर दोनदा शोधली होती. मी पुसून टाकली, त्यानं पुसली नाही, एवढाच फरक.

त्यातच भावाची बायको गरोदर असल्याची बातमी आली. मी पेढे वाटले. आत्याबाईंनी पेढा हातात धरून म्हटलं, "त्याला बरं सगळं मिळालं."

ह्या चार शब्दांनी जेवढं केलं तेवढं बाकी कशानं केलं नाही. मला रात्रंदिवस वाटायला लागलं की त्यानं माझ्या वाट्याचं काहीतरी नेलंय. आधी तो बाहेर आला, वजनानं तो जास्त, दूध त्याला आधी. मी त्याचे फोन उचलणं बंद केलं. तो मेसेज करायचा, "काय झालंय?" मी लिहायचे, "कामात आहे."

पावसाळ्याच्या शेवटी जनावरांत लम्पीची साथ आली आणि बाजार बंद झाले. मामांनी कालवड विकायला काढली होती, पण न्यायची कुठं? मग घरीच गिऱ्हाईक यायला लागलं. पाथर्डीकडचं एक जोडपं आलं. चाळिशीचा नवरा, डोक्यावरून पदर घेतलेली बायको. मामांनी कालवड फिरवून दाखवली, दात दाखवले, लस टोचल्याचा बिल्ला दाखवला. जुळ्याचं काही बोलले नाहीत. बोलणं ठरत आलं. ती बाई पाणी प्यायला माझ्याकडं आली.

"ताई, कालवड बरी हाय नव्हं? आमी पयल्यांदाच गाय घेतूय. ह्येच्यावरच सगळं हाय बगा."

मी तिच्या हातातला तांब्या घेतला. बोलायचं ठरवलं नव्हतं. पण बोलले. "ही गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली आहे. गाभण राहणार नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय."

ती तशीच बाहेर गेली आणि नवऱ्याच्या कानाला लागली. त्या माणसानं मामांना नमस्कार केला, म्हणाला, "सांगतू इचार करून," आणि दोघं निघून गेली.

मामा माझ्याकडं न बघता गाडीला किक मारून गावात गेले. आत्याबाई मात्र अंगणाच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"जनावराचं खरं सांगाया बरं तोंड उघाडलं तुझं. सवताचं सांगताना दीड वरीस म्हनलीस."

नवरा गोठ्यात कुट्टीचं मशीन चालवत होता. मशीन बंद झालं.

"हो," मी म्हणाले. "जुळी आहोत आम्ही. मी खोटं बोलले."

"तुझ्या आईनं बी आमाला सांगितलं न्हाई. त्या इकनाऱ्यात आन तुझ्या आईत काय फरक हाय?"

"आत्याबाई, मी कालवड नाही."

"मंग लपिवलं कशापायी? ठावं आसल्याबिगर कुनी लपिवतं का?"

 कितीतरी दिवस मीही स्वतःला तेच विचारत होते. आईनं का लपवलं? नवरा गोठ्यातून म्हणाला, "आई, आता बास कर." पण बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी माहेरी गेले. आई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारलं, "आम्ही जुळी आहोत हे का लपवायला लावलंस?"

आई आधी टाळत होती. मग तिनं ताट बाजूला सरकवलं. "तुला सांगितलं नाही. ह्या स्थळाच्या आधी एक स्थळ आलं होतं, सिन्नरकडचं. सगळं जमलं होतं. मी सरळपणे सांगितलं की दोघं जुळी आहेत. चार दिवसांनी निरोप आला, नको म्हणून. त्यांच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं, जुळ्यातल्या पोरीला जुळी होतात. एकदम दोन पोरी झाल्या तर काय करायचं?"

मला हसू फुटलं आणि ते थांबेना. एका घराला मी दोन होतील म्हणून नको होते, दुसऱ्या घराला एकही होणार नाही म्हणून. पहिल्यांच्या बोलण्यात थोडं तरी तथ्य होतं. दोन बीजं एकदम सुटायची सवय आईकडून मुलीकडं येऊ शकते, हे आम्हाला शिकवलं होतं.

पण हसणं थांबल्यावर मी पुन्हा विचारलं, "एवढंच ना? दुसरं काही नव्हतं? मी जन्मले तेव्हा सुईण काही बोलली नव्हती माझ्याबद्दल?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "काय बोलायला हवं होतं?"

"काहीही."

"दोन वारा पडल्या. तुझ्या आजीनं परसात दोन खड्डे घेऊन पुरल्या. तू बारीक होतीस, पण जोरात रडलीस. आणखी काय सांगू?" मग ती हळूच म्हणाली, "तूसुद्धा तिकडच्यांसारखी बघायला लागलीस माझ्याकडं."

 खोटं कसं बोलणार? मी तशीच बघत होते.

तिसऱ्या दिवशी नवरा न्यायला आला. आईच्या समोरच म्हणाला, "नगरला डॉक्टरबाईंकडं जाऊ. दोघंही तपासून घेऊ." त्यानं दोघंही म्हटलं, म्हणून मी पिशवी भरली. परतीच्या वाटेवर संगमनेरच्या स्टँडवर चहा पिताना मी त्याला मोबाईलमधल्या ओळीबद्दल विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. "भीती वाटत होती," म्हणाला. "तुला विचारायची जास्त वाटत होती."

नगरला जाताना आत्याबाई म्हणाल्या, "मी बी येते." डॉक्टरबाई तपासायच्या आधी नेहमीचे प्रश्न विचारत होत्या, तेवढ्यात आत्याबाईंनी मध्येच सांगून टाकलं, "बाई, ही भावाबरूबरची हाय. जुळ्यातली."

डॉक्टरबाईंना आधी कळेना. आत्याबाईंनी कालवडीची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, ह्याचं मला बरं वाटलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर दोन गोल काढले.

"गाईच्या पोटात दोन्ही वारांच्या नळ्या जोडल्या जातात, हे तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. बाईच्या पोटात भाऊ-बहीण जुळे असले तर प्रत्येकाची वार वेगळी, भोवतीची पाण्याची पिशवी वेगळी. वारा शेजारी शेजारी चिकटल्या तरी आतलं रक्त एकमेकांत मिसळत नाही. त्यामुळे भावाचं काही हिच्यात गेलं आणि हिचं वाढायचं राहिलं, असं होत नाही."

"कधीच न्हाई?"

"ह्या कारणानं नाही."

आत्याबाई त्या दोन गोलांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन मशीनमदी एकदा बगाच."

सोनोग्राफीला मी एकटी आत गेले. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडं फिरवला. "ही तुमची पिशवी. व्यवस्थित आहे. ह्या दोन बीजांडांच्या जागा."

राखाडी रंगात मला काही कळत नव्हतं. मी म्हणाले, "पुन्हा एकदा बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. "सगळं जागेवर आहे," त्या म्हणाल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मनात आलं, ह्या मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाहीत?

नवऱ्यानं स्वतःची तपासणी करायला तीन आठवडे लावले. कांदे लावायचेत, दुधाची गाडी यायचीय, अशी कारणं. ह्या तीन आठवड्यांत मी त्याच्याकडं तसंच बघत होते जसं घरातले माझ्याकडं बघायचे, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. शेवटी तो जाऊन आला. त्याचाही रिपोर्ट चांगला निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोघांतही दोष नाही. कारण सापडत नाही, असंही असतं. वाट बघा."

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "सापडत न्हाई म्हंजी काय? काईतरी आसंलच." आणि पहिल्यांदाच मला त्यांचं म्हणणं पटलं.

भावाला मी एका दुपारी फोन केला आणि सगळं सांगितलं. गोठा, कालवड, दीड वर्ष, पेढा. तो आधी हसला. मग हसणं आवरलं.

"मलाही सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"काय सांगणार होते? तू माझं काहीतरी नेलंस म्हणून?"

"तुला असं खरंच वाटलं?"

"वाटलं."

 मग म्हणाला, "मला कुणी काही विचारलंच नाही गं. माझंही बहिणीबरोबरच झालंय की." हे खरं होतं, आणि त्याचा मला त्या क्षणी राग आला. पण त्यानंतर मी त्याचे फोन उचलायला लागले.

कालवडीला गिऱ्हाईक मिळालं नाही. गावात बातमी पसरली होती. मामा माझ्याशी दोन महिने कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी त्यांनी तिला टेम्पोत चढवून गोशाळेत नेऊन सोडलं आणि परत येताना माझ्यासाठी भजी आणली. भजी माझ्या हातात देऊन ते गोठ्यात गेले. तेवढंच.

लग्नाच्या चौथ्या वर्षी मला दिवस गेले. औषध नाही, नवस नाही. का, ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. पहिल्या सोनोग्राफीला आत्याबाई हट्टानं आत आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती हायेत?"

"एकच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी पदराला तोंड पुसलं. सुटल्यासारखं वाटलं, की आणखी काही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मुलगी झाली. चाळीस दिवस तिला आत्याबाईंनीच न्हाऊ घातलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. झालं गेलं त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत. मीही दीड वर्षाच्या खोट्याबद्दल कधी माफी मागितली नाही.

मध्यंतरी शेजारच्या बायका मुलीला बघायला आल्या होत्या. ती आता चालायला लागलीय. त्यांतली एक मला म्हणाली, "आता पुढचं कवा?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "ते तिचं ती बघंल. तुमी च्या घ्या."

खूश व्हायला हवं होतं. पण बायका गेल्यावर भांडी घासताना सगळी दुपार मी हाच विचार करत होते, की त्या असं का म्हणाल्या असतील.